येळ बघून जा

दाजी, तुम्ही गेलात त्या सकाळी आक्का पहिलं काय बोलली, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आम्ही सगळे वाट बघत होतो, की आता ती हंबरडा फोडील. तिनं तुमच्या तोंडावरनं हात फिरवला, बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, आली, खांबाला टेकली आणि म्हणाली, "घरात गेलो मरे. दर्यान नाय नेल्यान."

शेजारच्या बायकांनी माना हलवल्या. मी परभणीकडचा माणूस. आमच्याकडं मयताच्या दारात असं कुणी बोलणार नाही. पण मला ते कळलं. होडी परतायला उशीर झाला की आक्का चुलीवरचं उतरवून ठेवायची आणि किनाऱ्याच्या वाळूत, पुळणीवर, जाऊन उभी राहायची, हे मी कितीदा बघितलं होतं. तुमचे धाकटे काका दर्यात गेले ते सापडलेच नाहीत, हेही मला तिनंच सांगितलेलं. तुम्ही गादीवर गेलात. तोंडात पाणी घालायला माणूस होता, खांदा द्यायला माणसं होती. आणि दिवाळीपासून चाललेली ती श्वासाची ओढाताण एकदाची थांबली. शेवटी शेवटी तुम्ही एक वाक्य बोलायला तीनदा थांबत होता, आणि तुम्ही वाक्य पुरं करेपर्यंत माझाच दम कोंडायचा. खरं सांगतो, मलाही सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटत होती. आक्का बोलली, म्हणून लिहितो.

माझी स्वतःची सुटका मात्र तेव्हा झाली नव्हती. तुम्ही अंथरुणावरून सांगितलेले आकडे माझ्या डोक्यात होते. ते खरे होते की तुमच्या सवयीप्रमाणं चुकवलेले, हे मला माहीत नव्हतं. आणि विचारावं, तर आता तुम्ही नव्हता.

मी मालवणात आलो अठ्ठ्याण्णव साली. सातवीतून शाळा सोडलेली, गावाकडं दुष्काळी काम संपलेलं, आणि ओळखीच्या एका ट्रकवाल्यानं आणून बर्फाच्या फॅक्टरीत सोडलं. दिवसभर बर्फाच्या लाद्या लोखंडी आकड्यानं ओढायच्या आणि होडीवाल्यांच्या खोक्यांत भरायच्या. मला भाषा कळत नव्हती, मासे बघितले की मी तोंड फिरवायचो आणि दर्याची तर भीतीच वाटायची. एवढं पाणी एका जागी मी कधी पाहिलंच नव्हतं. तुम्ही पहिल्यांदा बर्फ न्यायला आलात तेव्हा मी भिंतीच्या बाजूनं चालत होतो, जेटीच्या कडेनं नाही. तुमच्या ते लगेच ध्यानात आलं.

"काय रे, बर्फ पाण्याक भियाता?"

सगळे हसले. मग तुम्ही नाव विचारलंत. मी म्हणालो, बालाजी; तुम्ही त्याचं बाळजी केलंत. मी तुमचं विचारलं, तर म्हणालात, "दाजी."

आता मला हसू आलं. मी म्हणालो, "आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात."

"असा? मगे तुजी बहीण खंय आसा ती सांग. फक्त माज्या बायलेक कळाक नको."

पुढच्याच आठवड्यात मला घरी घेऊन गेलात. आक्का खळ्यात मासे साफ करत बसली होती. तुम्ही मला पुढं ढकललंत. "ही बघ तुजी बहीण. घेवन जावची आसात तर आत्ताच सांग, मगे सांगलंस तर मी देवचंय नाय."

ती मान वर न करता म्हणाली, "ह्येंच्या तोंडाक कुलूप नाय. तू बस रे. जेवलंस?"

त्या दिवसापासून मी तिला आक्का म्हणायला लागलो आणि तुम्हाला "तुम्ही". ते तुम्हाला कधी आवडलं नाही. "तुमी तुमी काय करतंस? माज्या मागसून आणखी कोण दिसता काय तुका?" पण आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला अरेतुरे करत नाहीत. तेवढं एक मी तुमचं ऐकलं नाही. आजही ऐकत नाही.

डब्याचा खेळ आला तो नंतर, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला. पुण्याची दोघं नवराबायको जेटीवर जीपीएस घेऊन फिरत होती. तुमच्या होडीवरही जीपीएस होता, म्हणून तुम्हाला वाटलं मासेमारीचं काही असेल. त्यांनी समजावून सांगितलं. जगभरात लोक असे डबे लपवतात, लपवलेल्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे इंटरनेटवर टाकतात, मग दुसरे कुणी येऊन तो डबा शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा परत जिथल्या तिथं ठेवतात. एका परदेशी माणसानं तारकर्लीच्या वाटेवर असा एक डबा ठेवून दिला होता. त्याच्या शोधात ती दोघं आली होती. खेळाला इंग्रजी नाव होतं, जिओकॅशिंग. तुम्ही ते एकदा म्हणून बघितलंत आणि सोडून दिलंत. "डबो-डबो" म्हणालात. शेवटपर्यंत तेच नाव राहिलं.

पण त्या दिवशी तुम्ही जे विचारलं होतंत, ते त्या पुण्याच्या बाईनं पुढं कितीदा तरी सगळ्यांना सांगितलं. "लपवतत, आणि मगे सगळ्या जगाक जागो सांगतत? मगे लपवतत कित्याक?"

"शोधायला मजा येते म्हणून, काका."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुमच्या तोंडावर मी पहिल्यांदा असं काही बघितलं, की तुम्हाला कळलं नाही आणि तरी आवडलं.

डबा तुम्हालाच सापडला. त्या दोघांच्या आधी. मग आपलाही डबा पाहिजे म्हणून तुम्ही हट्ट धरलात. आक्काच्या फडताळातला स्टीलचा गोल डबा, घट्ट झाकणाचा, तुम्ही तिला न विचारता उचललात. आचऱ्याच्या बाजूला एक जुनं उंडीचं झाड होतं, त्याच्या मुळांच्या बेचक्यात तो बसला. आत छोटी वही, पेन्सिल, आणि गुळाच्या मालवणी खाज्याची पुडी.

खाज्यावरून हमीदभाईशी भांडण झालं. बाजारात त्याचं सायबर कॅफे, आणि साइटीवर टाकायचं काम त्याचंच. तो म्हणाला, "डब्यात खायचा ठेवूचा नाय. नियम आसा. मुंगळे येतत, जनावरा येतत."

"पावणो इतक्या लांबसून येतलो, डबो उघडतलो, आणि आत काय? वही?" तुम्ही म्हणालात. "मालवणात? तेका काय शाळेत घातलंस तू?"

पुडी काढायची असं ठरलं. तुम्ही ती काढलीत. आणि आम्ही पुढं गेल्यावर मागं वळून परत ठेवलीत, हे मला नंतर कळलं.

मग लोक येईनात. म्हणजे येत होते, पण डबा सापडत नव्हता. हमीदभाई साइटीवर आलेलं वाचून दाखवायचा: सापडला नाही, सापडला नाही. शेवटी पुण्याची दोघंच मुद्दाम आली. दुपारभर शोधून संध्याकाळी तुमच्या खळ्यात आली ती गुडघ्यापर्यंत भिजून. आकडे त्यांना पाण्यात नेत होते. आक्कानं त्यांना कोरडे टॉवेल दिले, भात वाढला, तिरफळाची बांगड्याची आमटी वाढली. ती दोघं हसतच होती. पण तुम्ही ताटातून मान वर काढली नाहीत. तेव्हाच मला संशय आला.

ती गेल्यावर मी विचारलं, "आकडे चुकवलेत?"

"चुकवूक नाय. हाताक सवय लागलेली."

"कसली सवय?"

तेव्हा तुम्ही सांगितलंत. दर्यात मासळीच्या जागेची खरी खूण कुणी कुणाला सांगत नाही. विचारणाऱ्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, सांगायचं, पण थोडी सरकवून. समोरच्यालाही ते ठाऊक असतं. "माज्या बापाशीन माका सुद्दा खोटी खूण सांगल्यान. जाळा टाकलंय काय रिकामाच येवचा. तो बाजूक बसान हसाचो. मगे एक दिवस म्हणालो, आता तू घरचो झालंस. आणि खरी सांगल्यान."

"म्हणजे आधी तुम्ही घरचे नव्हतात?"

"झील होतंय. घरचो नाय होतंय."

मुलगा होतो, पण घरचा नव्हतो. मला ते बोलणं तिथंच सोडता आलं असतं. पण मी चिडलो होतो. ते पुण्याचे लोक माझे कुणी नव्हते, तरी त्यांची मला काळजी लागली होती. मला कशाचीही काळजी लागते, तुम्हाला माहीत आहे. मी म्हणालो, "खेळात खोटं चालत नाही, दाजी. अनोळखी माणूस तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवून घरातनं निघतो. तेवढ्या एका गोष्टीवर तर हा खेळ उभा आहे."

"दर्यार खरा बोलणारो उपाशी रवता."

"हा दर्या नाही, हा खेळ आहे."

"तुका घाट्याक काय कळता दर्यातला!"

फॅक्टरीत मला सगळेच घाटी म्हणायचे. घाटावरून आलेला तो घाटी, त्यात एवढं काही नव्हतं. तुम्हीही थट्टेत म्हणायचात. पण त्या दिवशी ते थट्टेत नव्हतं. आक्का आतून म्हणाली, "ह्या काय बोलणा?" तुम्ही विडी पेटवलीत. मी चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बर्फ न्यायला आलात आणि काही झालंच नाही असं बोलत राहिलात. तुम्हीच मला आचऱ्याला घेऊन गेलात, जीपीएस माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "तूच घी आकडे. माजो हात चोर हा." आकडे दुरुस्त झाले. पण तो शब्द काही तुम्ही परत घेतला नाहीत, आणि मी मागितला नाही. तो आपल्यामध्ये तसाच राहिला, भांड्याच्या बुडाला लागलेल्या भातासारखा. वरचं सगळं चांगलं, म्हणून कुणी खरवडत नाही.

आणि वरचं फार चांगलं होतं, दाजी. आकडे खरे झाल्यावर माणसं यायला लागली. बेळगावच्या दोन बहिणी आल्या, नगरचे एक रिटायर मास्तर आले, एक जर्मन म्हातारा आला, ज्याला आक्काची सोलकढी इतकी आवडली की तो परत मागायला स्वयंपाकघरापर्यंत गेला. डबा शोधून झाला की सगळे तुमच्या खळ्यात. "तुजो आकडो बर्फ ओढता," तुम्ही मला म्हणायचात, "आणि माजो आकडो माणसा ओढता."

मला गावाकडं जाऊन वर्ष वर्ष व्हायचं. तिथं गेलो तरी मी कोकणातला, आणि इथं मी घाटावरचा. पण त्या खळ्यात बसलेले सगळेच कुठून कुठून आलेले असायचे. मी किती शिकलो हे तिथं मला कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की पुढचा डबा कुठं. हमीदभाईनं साइटीवरचं वाचून दाखवता दाखवता मला इंग्रजी अक्षरं लावायला शिकवलं. आज मी जे चार ओळी वाचतो, ते तुमच्या त्या डबो-डबोमुळं.

रविवारी नवीन डबा शोधायला निघायच्या आधी तुम्ही देवाला गाऱ्हाणं घालायचात, तेही मी विसरणार नाही. नारळ नाही, देऊळ नाही, हमीदभाईच्या कॅफेच्या पायरीवर उभं राहून.

"बा देवा म्हाराजा! ही तुजी लेकरा डबो सोदूक भायर पडली हत. तेंका डबो गावान दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज हमीदभाईचा.

"वाटेतला साप-किरडू बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यो जो घाटावयलो बाळजी आसा, तेची पाण्याची भीती घाटापलीकडे नेवन टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीसुद्धा म्हणायचो. भीती काही गेली नाही. तुम्ही मला पोहायला शिकवणार होतात, तेही राहिलं.

दिवाळीच्या आसपास तुमचा खोकला वाढला. एका संध्याकाळी तुम्ही कुठून तरी गुडघ्यापर्यंत भिजून आलात आणि आक्कानं तुम्हाला गल्लीभर ऐकू जाईल असं झापलं. मी तेव्हा तिथं नव्हतो, तिनं नंतर सांगितलं. त्यानंतर तुम्ही अंथरूण धरलंत. आणि पौष-माघात कधी तरी, मी तुमच्या पायाशी बसलेलो असताना, तुम्ही मला खूण करून जवळ बोलावलंत.

"एक डबो ठेवलंय. साइटीर टाकूचो नाय. तुका सांगतंय."

आणि तुम्ही आकडे सांगितलेत. पाठ होते तुम्हाला. मध्ये थांबत, श्वास घेत, एकेक. मी ते तळहातावर लिहून घेतले. मग म्हणालात, "येळ बघून जा."

"जाईन."

"जातलंस मा?"

"जाईन म्हणालो ना."

मी गेलो नाही. तुम्ही दर चार-आठ दिवसांनी विचारायचात, "गेल्लंस?" मी म्हणायचो फॅक्टरीत काम आहे, सुट्टी नाही. तुम्हाला ते खरं वाटत असेल तर बरं. कारण तसं नव्हतं. मला वाटत होतं, मी जाईन आणि डबा तिथं नसेल. तुमच्या हाताला सवय आहे. तुमच्या मनात नसलं तरी हात सरकवील. मग मी परत येऊन तुमच्यासमोर काय तोंड करू? गेलोच नाही, तोवर मी घरचा असू शकत होतो. निदान तसं समजायला कुणाची हरकत नव्हती.

तुम्ही शिमग्याच्या तोंडावर गेलात. दिवस झाले, पाहुणे पांगले. मग अवसेला फॅक्टरीला सुट्टी मिळाली तेव्हा मी तुमचाच जीपीएस घेऊन निघालो. आक्कानं दिला. कुठं निघालास, तिनं विचारलं नाही.

जागेचं नाव मी इथं लिहीत नाही. हे छापून येणार आहे.

भर दुपार होती. जीपीएसवरचा बाण मला किनाऱ्याकिनाऱ्यानं नेत गेला, आणि मग वळून सरळ दर्याकडं बघायला लागला. मी पुळणीच्या टोकाला उभा राहिलो, पायाशी पाणी. आकडे म्हणत होते अजून पुढं. पुढं काय होतं? पाणी. लाटा. आत एक काळं खडप, खडकाचा सुळका, डोकं काढून होतं, त्याच्या चारी बाजूंनी पाणी फुटत होतं. बाण त्या खडपाकडं दाखवतोय की त्याच्या पलीकडं मोकळ्या दर्यात, तेही मला कळंना. आणि कळून काय करणार होतो? मला पोहता येत नाही, हे तुम्हाला सगळ्या मालवणात सगळ्यात चांगलं माहीत. म्हणून तर तिकडचे आकडे दिलेत, असंही मनात येऊन गेलं.

मी वाळूत बसलो. पुण्याची दोघं भिजून आली होती ते आठवलं. ती हसत होती, मला हसू येईना. मी मनात म्हणालो, ठीक आहे दाजी. सवयच ती. बापानं लेकाला खरी खूण लगेच सांगितली नाही, तर मेव्हण्याला कशी सांगणार? आणि मेव्हणा तरी कसला, एका शब्दाच्या घोटाळ्यातला.

जीपीएस परत द्यायला आक्काकडं गेलो. ती खळ्यात तांदूळ निवडत होती.

"गेल्लंस?"

मी दचकलो. "तुला माहीत होतं?"

"माका काय म्हायत नाय? गावलो?"

"नाही. दर्यात येतंय."

तिनं सूप खाली ठेवलं. "खंयच्या येळार गेल्लंस?"

"आत्ताच. दुपारी. सुट्टी होती ना."

"तेनी काय सांगल्यान तुका?"

"येळ बघून जा, म्हणाले."

"मगे बघलंस येळ?"

"बघितली की. सुट्टी बघून गेलो."

आणि दाजी, आक्का हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली, इतकी की शेजारीण डोकावून गेली. "मेल्या! सुट्टीची येळ नाय रे, पाण्याची येळ! आज अवस. अवसेक भरदुपारची भरती. इतकी वर्सा मालवणात रवान तुका ह्या कळाक नाय? तो थंयसून इलो तो गुडघ्याइतकोच भिजान इललो. बुडान नाय. चालत गेल्लो, चालत इलो." तिनं डोळे पुसले. ते हसण्याचे होते की दुसरे, मी विचारलं नाही. "जा. चा पी आणि जा. पाच वाजता सुकती लागतली. दगडार चालत जाशीत."

मी बारा वर्षं तुम्हा लोकांना बर्फ भरून दिला. भरती कधी, ओहोटी, म्हणजे तुमची सुकती, कधी, कुठली होडी कधी निघणार, हे रोज कानावरून जात होतं. पण ते तुमचं घड्याळ, माझं फॅक्टरीच्या भोंग्याचं. "वेळ बघून जा" आमच्याकडं कुणी म्हणालं, तर त्याचा अर्थ, सवड काढून जा. मी तोच घेतला. तुम्ही धाप टाकत टाकत मला आकड्यांच्या पुढचं सांगत होता, आणि मला वाटलं तुम्ही माझ्या सोयीचं बोलताय.

पाचला गेलो तेव्हा ती जागाच नव्हती, जिथं मी दुपारी बसलो होतो. पाणी पार मागं गेलं होतं. पुळणीपासून खडपापर्यंत दगडांची वाट उघडी पडली होती, शेवाळाची, खेकड्यांची, मधे मधे डबकी. मी चप्पल हातात घेतली. एका डबक्यात गुडघ्यापर्यंत पाय गेला आणि मी तिथंच थिजलो. मग काय करावं सुचेना, तेव्हा गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, घाटावयल्या बाळजीक वाट दाखव रे म्हाराजा. आणि आसपास कुणी नव्हतं म्हणून मीच मोठ्यानं म्हणालो, "व्हय म्हाराजा!" बगळा उडाला एक.

खडपाच्या मागच्या अंगाला, भरतीचं पाणी पोचणार नाही एवढ्या उंचीवर, एक कपार होती. बाण स्थिर झाला. मी हात घातला.

स्टीलचा डबा. आक्काचाच, दुसरा. वरून जाळ्याच्या दोऱ्यानं तुमची ती गाठ मारलेली.

तुम्ही सांगितलेल्या आकड्यांत एक अंक इकडचा तिकडं नव्हता, दाजी. शेवटचासुद्धा.

मी किती वेळ तिथं बसलो कोण जाणे. रडलो म्हणावं, तर तसंही नाही. छातीवर बर्फाची लादी ठेवली होती ती कुणी तरी आकडा लावून ओढून नेली, असं झालं. तो घाटी शब्द मी इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता. तो तिथंच पाण्यात सोडला. तुम्ही परत घ्यायची गरज नाही. तुम्ही खोकत, भिजत, एकटे त्या दगडांवरून गेलात, आणि मग मला खरी खूण सांगितलीत. दुसरं काय पाहिजे होतं मला?

डब्यात वही होती, कोरी. पेन्सिल होती. आणि खाज्याची पुडी. दिवाळीची.

वहीत मी नाव लिहिलं. नेहमी नावापुढं गावाचं नाव लिहितो, परभणीकडचं. या वेळी लिहिलं नाही. लिहायला जागा होती, पण पाणी परत फिरायच्या आत निघायचं होतं, आणि आता तेवढं मला कळत होतं. डबा होता तिथं ठेवला. पुडी मात्र घेतली. अर्धं खाजं आक्काला दिलं. तिनं हुंगलं, म्हणाली, "गूळ बरो होतो," आणि देवाजवळ नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हमीदभाईकडं गेलो. बेळगावच्या बहिणींनी, नगरच्या मास्तरांनी तुमच्याबद्दल लिहून पाठवलंय. त्या जर्मन म्हाताऱ्यानं आक्काला नमस्कार कळवलाय, सोलकढीसकट. हमीदभाईनं सगळं वाचून दाखवलं, चष्मा पुसला, मग खुर्ची पुढं ओढली.

"आक्का म्हणाली तुका तेचो शेवटचो डबो गावलो. आकडे सांग. साइटीर टाकतंय. दाजीचो डबो म्हणान लोक येतीत."

मी आकडे सांगितले. तो टाइप करत गेला. मग नकाशा उघडला, वाकून बघितलं, परत बघितलं.

"रे, ह्या तर दर्यात येता."

"येऊ दे," मी म्हणालो.

हमीदभाईनं चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. दाजी, खेळात खोटं चालत नाही, हे तुम्हाला ऐकवणारा मीच. हे मी ठरवून केलं नाही, देवाशपथ. शेवटचा अंक सांगताना जीभ सरकली, तुमचा हात सरकायचा तशी. पण माणसाला अगदी रिकाम्या हातानं कसं बसवायचं? मी खिशातून पुडी काढली आणि उरलेला तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला.

"डब्यातला?" तो म्हणाला. "डब्यात खायचा ठेवूचा नाय. नियम आसा." आणि तोंडात टाकला. खाजं दिवाळीचं, दगड झालेलं. बराच वेळ चघळत बसला. तेवढ्या वेळात त्यानं आकडे परत विचारले नाहीत.